‘ये’ एकदाच म्हणायचं

ज्या घरातलं मूल दिवसातून चाळीस वेळा हात धुतं, त्या घरात टाकी रिकामी होत जाते आणि किस्से साठत जातात. टाकी निदान संध्याकाळी भरता येते. किश्श्यांचं काय करायचं?

आम्ही ते एकमेकांना सांगतो. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बारामतीत एका समुपदेशक बाईंच्या दवाखान्यावरच्या हॉलमध्ये पाच-सहा घरं जमतात. कुणाचं मूल मान झटकतं, कुणाचं घशातून आवाज काढतं, कुणाचं दाराची कडी सतरा वेळा बघतं. बाईंना आम्ही सगळे ‘मॅडम’ म्हणतो. सुरुवातीला तिथं नुसतं रडणंच चालायचं. मग एकदा कुणीतरी किस्सा सांगितला, सगळे हसले, आणि हसलो म्हणून आपण वाईट आईबाप ठरत नाही हे लक्षात आलं. तेव्हापासून चहा येईपर्यंत किस्से, आणि रडायचं असेल त्यानं चहानंतर रडावं, अशी पद्धत पडली.

माझी मुलगी सई बारा वर्षांची. गणपतीपासून तिनं शाळेत जाणं बंद केलं होतं. ती पुन्हा शाळेत जाईल का, हा एकच प्रश्न घेऊन मी त्या हॉलचा जिना चढलो. बाकीचे प्रश्न तिथं गेल्यावर मिळाले!

*

तो पहिला किस्सा पिंपळीच्या तात्यांचा. वयानं माझ्याहून लहान, पण गावात त्यांना सगळे तात्याच म्हणतात. ऊस आहे, चार गाई आहेत, आणि सहावीतला ओंकार आहे. ओंकारला डोळे मिचकावण्याची टिक आहे. टिक म्हणजे आपोआप होणारी हालचाल. मूल ती मुद्दाम करत नाही, आणि दटावलं की ती वाढते. हे आम्हाला आता पाठ आहे. शाळेला तेव्हा माहीत नव्हतं.

तात्यांना निरोप आला, मुख्याध्यापिकांनी बोलावलंय. तात्या इस्त्रीचे कपडे घालून गेले.

बाई म्हणाल्या, “तुमचा मुलगा वर्गात बाईंना डोळा मारतो.”

तात्या उठून उभेच राहिले. “बाई, आमच्या घरात असलं वंगाळ वळण न्हाय! शप्पत सांगतो!”

आणि एवढं बोलून त्यांनी दोन्ही डोळे तीनदा करकचून मिचकावले.

बाईंनी क्लार्ककडं पाहिलं. क्लार्क खिडकीबाहेर बघायला लागला. तात्यांना काहीच पत्ता नाही! त्यांनी आणखी एकदा शपथ घेतली आणि आणखी एकदा मिचकावले.

“बसा तात्या,” बाई म्हणाल्या. “ओंकारचं मी बघते. वर्गशिक्षिकांना मी समजावून सांगते. तुम्ही फक्त त्यांना भेटायला जाऊ नका!”

हॉल हसून लोटपोट झाला. तात्याही हसले. चहा आला, आणि मग ते खाली बघत म्हणाले, “चाळीस वर्षं आरशात बघतोय, मला कधी दिसलंच न्हाय. पोराला काय काय द्यायचं ठरिवलं हुतं, आन् दिलं हे.”

*

डाळजच्या नसीमभाभी ब्लाउज शिवतात. त्यांचा अरमान दहा वर्षांचा. नमाजाआधी हात, तोंड, पाय धुवायचे, तो वजू. एकेक अवयव तीनदा धुतला की झालं. अरमानचं होतच नसे. कोपर धुतलं की मनगट राहिलं वाटायचं, मनगट धुतलं की बोटं. पाऊण पाऊण तास. हात सोलल्यासारखे लाल. भाभी बाहेरून दार वाजवायच्या, विनवायच्या, शेवटी गच्चीत जाऊन टाकीचा कॉकच बंद करायच्या. “मग तो आत रडायचा, मी गच्चीत रडायची,” त्या म्हणाल्या.

एका शुक्रवारी मशिदीत म्हातारे हाफिजसाहेब त्याच्या शेजारी येऊन बसले.  अरमानचा हात चौथ्यांदा नळाकडं गेला तेव्हा म्हणाले, “बाळा, तीनदा धुतलं तर वजू. चौथ्यांदा धुतलं तर ती आंघोळ. आन् आंघोळ घरी करायची!”

अरमान हसला आणि उठला. मॅडम हे ऐकून म्हणाल्या, “पुढच्या वेळी माझ्या खुर्चीत हाफिजसाहेबांना बसवा.”

पुढच्या महिन्यात भाभी आल्या त्या तोंड पाडूनच.

“का हो? वजू वाढला परत?”

“न्हाय, तीनदाच करतो.”

“मग छान झालं की!”

“छान कशाचं, मॅडम? आता घासबी तीन, घोटबी तीन. अख्खी भाकरी तीन घासांत खातो म्हणतोय! हाफिजसाहेबांनी पाच तरी सांगायचं हुतं!”

*

आता माझं घर. सईला आठव्या वर्षापासून जिभेची टिक आहे. टाळ्याला जीभ लावून ती ‘च्यक’ असा आवाज करते. घाबरली की जास्त. डोळे मिटून ऐकलं तर भिंतीवर पाल चुकचुकली असंच वाटतं.

माझी आई सणसरला राहते. आमच्याकडं बोलता बोलता पाल चुकचुकली की बोललेलं खरं होतं, असं मानतात. जुन्या बायका लगेच जमिनीवर बोटं आपटून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात सणसरला चुलतभावाच्या मुलीची बैठक होती. पाहुणे ओसरीवर, सई आतल्या खोलीत. इतकी अनोळखी माणसं बघून ती घाबरलेली. मुलाचे मामा मोठे बोलघेवडे. म्हणाले, “आमची कसलीबी मागणी न्हाय.”

आतून, च्यक!

माझ्या आईनं बोटं आपटली. “कृष्ण कृष्ण. खरं हाय.”

मामा खुलले. “पोरगी आमच्या घरात लेकीवानी राहील.”

च्यक!

“कृष्ण कृष्ण!” आता चार बायकांची बोटं.

मामांना तर जोरच चढला. “आन् शिकायचं आसंल तितकं शिकू दे तिला. आमी आडवं येणार न्हाय!”

च्यक! च्यक! च्यक!

 तीनदा चुकचुकलेली पाल कुणी ऐकली नव्हती. मुलीचे आजोबा, आमचे आबा, सावकाश म्हणाले, “पाव्हणं, आता ह्या शब्दाला साक्षीदार हाय बरं का.”

मी सगळं बघत होतो. सांगावं का, नको का, ठरत नव्हतं. सांगितलं तर सई सगळ्यांपुढं उघडी पडणार, न सांगावं तर ही फसवणूक. मी बसूनच राहिलो.

लग्नानंतर दोन महिन्यांनी सासरची माणसं कॉलेजबद्दल कुरकुर करायला लागली. आबा एस.टी.नं त्यांच्या गावी गेले. ओसरीवर बसून एवढंच म्हणाले, “पालीसमोर बोललाय तुमी.”

मुलगी आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पाल कुठली होती, ते आबांना अजून माहीत नाही. आईला माहीत आहे. ती म्हणते, “पाल ती पालच. घरातली आसली म्हणून काय झालं?”

*

पुढचा किस्सा नाही. पण तो सांगितल्याशिवाय बाकीचे कळणार नाहीत.

माझी पत्नी उज्ज्वला इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवायची. रोज सकाळी एस.टी.नं जायची. दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी शाळेतच चक्कर येऊन पडली आणि गेली. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूतली शीर फुटली, कुणी काही करू शकलं नसतं.

त्यानंतर काही महिन्यांनी सईचं सुरू झालं. घराबाहेर पडणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि घरातला ‘ये’ म्हणतो. सगळ्या घरांत हे होतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. सईच्या घशात ते अडकलं. ‘येते’ म्हणायची, मी ‘ये’ म्हणायचो, आणि तिला वाटायचं, नीट नाही झालं. मग परत. पाच वेळा, वीस वेळा. मी बाहेर निघालो तरी तेच, फक्त उलट्या बाजूनं. गणपतीपर्यंत दाराजवळच दोन तास जायला लागले. शाळेची बस निघून जायची. मग तिनं निघणंच सोडून दिलं. निघायचंच नाही म्हणजे प्रश्न नाही.

का, ते तिनं मला सांगितलं नाही. मॅडमना सांगितलं, आणि तिला विचारून मॅडमनी मला. त्या मंगळवारी वेणीवरून दोघींचं बिनसलं होतं. दारातून उज्ज्वला म्हणाली, “येते गं.” सई फुगून बसलेली. उज्ज्वला परत म्हणाली, “येते गं, सई.” सईनं ‘ये’ म्हटलं नाही.

मी आत दाढी करत होतो. दोन्ही वेळा मलाही ऐकू आलं होतं.

*

मॅडमनी सईशी बोलून नियम ठरवला. ‘येते’ एकदा, ‘ये’ एकदा. त्यानंतर कितीही भीती वाटली तरी उत्तर नाही. भीती वाढेल, शिगेला पोचेल, आणि आपोआप उतरेल. उत्तर दिलं तर ती उतरायला शिकणारच नाही. कागदावर लिहून सह्या झाल्या. सईनं स्वतः एक कलम घातलं, ‘पप्पांनी स्पष्ट म्हणायचं. तोंडात ब्रश नको.’

पहिला सराव घरापासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत. सई दारात उभी. “येते.” “ये.” “येते.” मी गप्प. “पप्पा, येते.” मी वर्तमानपत्र वाचायला लागलो. ते मी उलटं धरलं होतं हे मला दहा मिनिटांनी कळलं.

आठवडाभरात चमत्कार! सई एकदाच ‘येते’ म्हणायची आणि जिना उतरायची. मी मॅडमना फोन करून सांगितलं. माझा आवाजसुद्धा बदलला होता.

मग रविवारी मी जिन्यात डोकावलो. समोरच्या शकुंतलाकाकू दारात उभ्या. सई म्हणाली, “काकू, येते.” काकू म्हणाल्या, “ये गं माजी बाय, शंभरदा ये!” एक मजला खाली दूधवाले. “दादा, येते.” “या ताई, या!” फाटकापाशी वॉचमन. कोपऱ्यावर भाजीवाली. माझ्याकडून एक आणि गल्लीतून अकरा!

मॅडमनी कपाळाला हात लावला. “सर, मी तुम्हाला डोस कमी करा म्हटलं. तुम्ही तर गल्लीभर मेडिकल उघडलीत!”

*

मग मी दारोदार फिरलो. भूगोलाचा प्राध्यापक, केस पांढरे, हात जोडून सांगतोय, माझ्या मुलीला ‘ये’ म्हणू नका. लोकांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही.

शकुंतलाकाकू तर भडकल्याच. “आवो सर, निघालेल्या लेकराला ये म्हणायचं न्हाय, तर काय जा म्हणायचं? आमच्या तोंडातनं यायचं न्हाय आसलं!”

“जा म्हणू नका काकू. काहीच म्हणू नका.”

“गप बसायचं? मला?”

ही अडचण खरी होती. काकूंना गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांनीच उपाय काढला. सईच्या निघायच्या वेळेला त्या मिशरी लावून बसायला लागल्या. तोंड भरलेलं, बोट दातावर. सई ‘येते’ म्हणाली की काकू डोळे मोठे करून नुसती मान हलवायच्या. आठ दिवसांनी मला जिन्यात अडवलं. “सर, लेकीचं बरं हुईल तुमच्या. पर माजी मिशरी दुप्पट झाली, त्याचं काय?”

माझी आई तेव्हा सईजवळ राहायला आली होती. तिलाही नियम समजावला. ती तोंडानं गप्प राहायची, पण तिचे ओठ हलताना मी दोनदा पकडले.

“आई, नियम आहे ना?”

“मी मनात म्हणते. त्याला तुज्या मॅडमची परवानगी लागत न्हाय!”

*

कॉलेजात वेगळंच प्रकरण. सई घरी असायची तेव्हा मी जिवंत आहे का, हे बघायला फोन करायची. दर तासाला एक. वर्गात फोन बंद ठेवायचा नियम आहे, पण बंद लागला तर ती घरातून जिन्यापर्यंत फेऱ्या घालायची, म्हणून मी तो थरथरता ठेवून टेबलावर ठेवायचो. मी नकाशातल्या समोच्च रेषा शिकवतोय आणि टेबल गुरगुरतंय!

बारावीची मुलं हुशार. महिन्याभरात त्यांना वेळापत्रक पाठ झालं. एकदा अकरा वाजून पाच मिनिटं झाली तरी फोन आला नाही. मी फळ्याकडं तोंड करून उभा, खडू हातात, पुढचा शब्द सुचेना. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, तुम्हीच लावून बघा.”

मी लावला. ती जेवत होती.

संध्याकाळी प्राचार्यांनी बोलावलं. मला वाटलं, आता लेखी खुलासा मागणार. ते म्हणाले, “सर, बसा. तुमची मुलगी तुमची हजेरी आमच्यापेक्षा चांगली घेते. तिला म्हणावं, बाकीच्या स्टाफलाही एकेक फोन कर!”

हसलो आम्ही. पण त्या पाच मिनिटांत मी कुठं कुठं जाऊन आलो, ते मी हॉलमध्येही सांगितलेलं नाही. चहानंतरसुद्धा.

*

डिसेंबरातला एक सोमवार ठरला. शाळेशी बोलणं झालं. वर्गशिक्षिका चांगल्या आहेत, म्हणाल्या, उशीर झाला तर झाला, येऊ दे. सईनं गणवेश घातला. तीन महिन्यांत तो आखूड झाला होता. फाटकापर्यंत आम्ही चालत गेलो. तिचा ‘च्यक’ सारखा चालू होता.

बस आली.

“येते, पप्पा.”

“ये,” मी म्हणालो. स्पष्ट.

एक पाय पायरीवर ठेवून ती वळली. “येते.”

मी बसची नंबरप्लेट वाचली.

“पप्पा, येते!”

बसमधली मुलं खिडक्यांतून बघायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, “सर, बसतीया का न्हाय पोरगी?” मी त्यालाही उत्तर दिलं नाही. मला भीती वाटत होती की तोंड उघडलं तर तोच शब्द बाहेर पडेल. सईचा चेहरा पांढरा पडला होता. ती माझ्याकडं बघत होती आणि मी नंबरप्लेट परत वाचत होतो, उजवीकडून डावीकडं. किती वेळ गेला माहीत नाही. बसमधली मुलं सांगतात, मिनिटसुद्धा नाही.

मग पायरीवर दुसरा पाय वाजला. दार लागलं. बस गेली.

माझं पहिलं लेक्चर आठ वीसला होतं. मी स्कूटर काढली. चौकात कॉलेज डावीकडं आहे. शाळा उजवीकडं, इंदापूर रस्त्याला. मी उजवीकडं वळलो.

कालव्याच्या पुलाअलीकडं सगळं थांबलेलं. उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली कलंडायला आली होती, आणि माणसं तिला टेकू लावत होती. बस त्यातच अडकलेली. मी शेजारच्या रांगेतल्या एका ट्रॉलीच्या आडोशाला स्कूटर लावली. हेल्मेट काढलं नाही. काच खाली ओढली. ट्रॉलीतून लोंबणारं उसाच्या शेंड्याचं वाढं हेल्मेटवर घासत होतं, तरी मी तसाच उभा. तिथून बसच्या बाजूची शेवटची खिडकी दिसत होती. खिडकीत सईची वेणी दिसत होती. एवढंच बघायचं होतं. आता निघावं, असं मी तीनदा ठरवलं.

तेवढ्यात पुढचा ट्रॅक्टर हलला. त्याच्यामागून माझ्यापुढची ट्रॉलीही हलली, आणि आडोसा निघून गेला. रस्त्यावर मी, स्कूटर आणि हेल्मेट. बसची खिडकी सरकली.

सईनं डोकं बाहेर काढलं. तिच्या मागून आणखी तीन डोकी. मी रस्त्याकडेच्या उसाकडं असा काही बघायला लागलो, जणू तो विकत घ्यायलाच आलोय.

“पप्पा,” सई म्हणाली, “तुमचं कॉलेज तिकडं आहे.”

आणि तिनं खिडकी लावून घेतली.